वादळात पडलेला फणस आणि आंबा : घरच्या आवारात फळ्या आणि जळण तयार करण्याचा एक प्रकरण अभ्यास

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता आणि झोत त्याहूनही जोराचे होते. संध्याकाळी वारा उतरल्यावर आम्ही घराच्या मागच्या दाराने आगरात गेलो, तेव्हा पोफळींच्या रांगांच्या जागी एकमेकींवर आडव्या पडलेल्या सोटांचा गुंता दिसला. श्रीवर्धनी रोठा सुपारीवर ज्यांचे घर चालते त्यांना या दृश्याचा अर्थ वेगळा सांगायला नको, कारण पोफळ पुन्हा लावून फळाला यायला सहा-सात वर्षे जातात. या लेखाचा विषय मात्र ते नुकसान नाही. त्याच आवारात मुळासकट उपटून पडलेली दोन मोठी झाडे, एक रायवळ आंबा आणि आजोबांच्या हातचा कापा फणस, यांच्या लाकडाचे पुढे काय झाले, कोणता भाग फळ्यांना गेला, कोणता चुलीत गेला आणि यातले कोणते निर्णय चुकले, याची ही नोंद आहे. माझ्याजवळ त्या वेळची वही आहे; मापे त्यातूनच घेतली आहेत.

परिस्थिती थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. घराची अर्धी कौले उडाली होती आणि रीपा मोडल्या होत्या. वीज गेली होती आणि ती लवकर येणार नाही हे वाकलेले खांब पाहून कळत होते. टाळेबंदीमुळे माणसे मिळत नव्हती, ताडपत्रीही मिळत नव्हती, आणि मोसमी पाऊस आठवड्यावर येऊन ठेपला होता. म्हणजे लाकडाची गरज, जळणाची गरज आणि वाट मोकळी करण्याची गरज या तिन्ही एकाच वेळी अंगावर आल्या होत्या. अशा वेळी जे सर्वांत आधी डोळ्यांसमोर असते तेच माणूस आधी करतो. आमच्या डोळ्यांसमोर बंद झालेली वाट होती.

आंब्याच्या बाबतीत झालेली चूक

५ जूनला चेन सॉ घेऊन फिरणारी एक टोळी गावात आली. आंबा गोठ्याच्या वाटेवर पडला होता. मी त्यांना वाट मोकळी करायला सांगितली आणि छपरावर ताडपत्री बांधायला गेलो. दोन तासांनी परत आलो तेव्हा वाट खरोखरच मोकळी झाली होती, कारण त्यांनी आंब्याच्या संपूर्ण खोडाचे दीड-दीड फुटांचे ठोकळे पाडून बाजूला लोटले होते. त्यांच्या दृष्टीने ते काम बरोबरच होते. दोन माणसांना लोटता येईल एवढाच तुकडा करायचा असतो. खोडात आठ फूट लांबीचा, जवळजवळ सरळ आणि बिनफांदीचा भाग आहे आणि तो अखंड ठेवायचा आहे, हे सांगण्याची जबाबदारी माझी होती आणि मी ती पार पाडली नाही.

किती गेले याचा हिशेब नंतर केला. खोडाचा घेर ८४ इंच होता. लाकडाच्या वखारीत ओंडक्याचे माप घेण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यात घेराचा चौथा हिस्सा काढतात, त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. ८४ चा चौथा हिस्सा २१ इंच, म्हणजे पावणेदोन फूट. त्याचा वर्ग तीन चौरस फुटांहून थोडा अधिक. आठ फुटांनी गुणल्यावर साडेचोवीस घनफूट. ही रीत गोल ओंडक्याच्या खऱ्या घनफळाच्या साधारण ७८ टक्केच आकडा देते, कारण बाजूच्या कडा वाया जाणार हे तिने आधीच धरलेले असते. आंब्याचे लाकूड काही सागाच्या तोडीचे नसते, ते हवेपाण्यात टिकत नाही आणि त्याला कीडही लवकर लागते. पण घरातल्या दारांच्या फळ्या, पेट्या, कपाटाचे कप्पे यांना ते उत्तम चालते आणि आम्हाला त्या वर्षी नेमके हेच हवे होते. साडेचोवीस घनफूट फळ्यांचे लाकूड दोन तासांत जळण झाले.

या घटनेनंतर आम्ही फणसाला पाच दिवस कोणालाही हात लावू दिला नाही. तो वाटेत नव्हता, हे आमचे भाग्य. त्याला हात लावण्याआधी तलाठ्यांकडून पंचनामा करून घेतला, प्रत्येक झाडाचे छायाचित्र काढले, घेर मोजून वहीत लिहिला. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा आणि फणस ही दोन्ही झाडे आहेत. म्हणून ती स्वतःच्या जमिनीत असली आणि वाऱ्याने पडली असली, तरी वनखात्याच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला. आंब्याच्या बाबतीत हा अर्ज तुकडे झाल्यानंतर गेला आणि ते तसेच त्यात लिहिले. कागदाचे काम आधी आणि करवत नंतर हा क्रम वादळानंतरच्या गोंधळात अवघड वाटतो, पण पंचनामा होण्याआधी झाड तोडले की नुकसानीचा पुरावाच उरत नाही.

गिरणीवर न्यायचे की आवारातच कापायचे

फणसाचे खोड खुंटासाठी ठेवायचे दोन फूट सोडून पहिल्या मोठ्या फांदीपर्यंत सोळा फुटांहून थोडे अधिक होते. त्यात नऊ फुटांचा एक आणि सात फुटांचा एक असे दोन ओंडके बसत होते. खालच्या ओंडक्याचा मधला घेर साल काढून ८० इंच भरला, म्हणजे वखारीच्या मापाने पंचवीस घनफूट आणि ओल्या लाकडाचे वजन पाऊण टनाच्या वर. तो सॉ मिलवर न्यायचा तर क्रेन किंवा दहा-बारा माणसे, ट्रक आणि मोकळा रस्ता हवा होता. त्या आठवड्यात म्हसळा-माणगावकडे जाणारा रस्ताच झाडांखाली होता. आवाराबाहेर लाकूड काढायचे म्हटले की वाहतुकीच्या परवान्याचे पाहावे लागते, तेही होतेच.

दुसरा मार्ग म्हणून कोणीतरी सुटी यंत्रकरवत अंगणात आणून बसवण्याचे सुचवले. परदेशातल्या शेतघरांवर असे केलेले अनेकांनी चित्रफितींत पाहिलेले असते. आपल्याकडे मात्र यंत्रशक्तीवर लाकूड चिरणाऱ्या गिरणीला वनखात्याचा परवाना लागतो, आणि टी. एन. गोदावर्मन या वनसंरक्षणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ पासून दिलेल्या आदेशांमुळे त्या परवान्यांवर कडक बंधने आहेत. अंगणात हौसेने करण्याची ही गोष्ट नाही.

तिसरा मार्ग शेजारच्या गावातून आला. तेथे दोन भाऊ राहतात, दोघेही साठीच्या पुढचे. त्यांनी तरुणपणी होड्यांसाठी आणि घरांसाठी हातकरवतीने लाकडे चिरली होती. त्यांच्या माळ्यावर दोन मुठींची लांब करवत गुंडाळून ठेवलेली होती. थोरले काका आधी नुसते पाहायला आले. त्यांनी लाकडाला हात लावण्यापूर्वी बाबांना विचारले, “झाड उभं होतं तेव्हा कुठल्या अंगाला झुकलेलं होतं?”

हा प्रश्न मला त्या क्षणी अनाठायी वाटला होता, आज तो संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो. समुद्रकाठची झाडे वाऱ्यामुळे बहुधा जमिनीच्या बाजूला कललेली असतात. रुंद पानांची झाडे असे कलल्यावर वरच्या अंगाला ताणाचे लाकूड वाढवतात, त्या बाजूच्या वार्षिक वाढीचे थर जाड होतात आणि गाभ्याचा मध्य खोडाच्या मधोमध राहत नाही. असे लाकूड फळीत आले की ती वाळताना धनुष्यासारखी वाकते. काकांनी दोन्ही टोकांना मध्य कोठे आहे ते पाहिले, बाबांनी दाखवलेली बाजू खडूने खूण करून ठेवली आणि ओंडका असा वळवायचा ठरवला की ताणाचे लाकूड एकदोन बाहेरच्या फळ्यांतच येईल, सगळ्या फळ्यांत थोडे थोडे वाटले जाणार नाही.

मुळापासून सुटे करणे

या कामाचा हा भाग जिवावरचा आहे, म्हणून तो सविस्तर लिहितो. उन्मळून पडलेले झाड जमिनीवर शांत पडल्यासारखे दिसते, पण ते ताणलेल्या धनुष्यासारखे असते. आमचा फणस एका टोकाला मुळांच्या गड्ड्यावर आणि दुसऱ्या टोकाला चिऱ्यांच्या गडग्यावर टेकला होता आणि मधला भाग अधांतरी होता. अशा खोडाची वरची बाजू दबलेली आणि खालची बाजू ताणलेली असते. वरून सरळ कापत गेले की काप मिटतो आणि पाते अडकते. खालून आधी कापले की ताण एकदम सुटून खोड उभे चिरते. त्यासाठी दबलेल्या बाजूने, म्हणजे वरून, सुमारे एक तृतीयांश काप घेतला, त्यात लाकडी पाचर ठोकली आणि मग उरलेला काप खालून वर नेला. खोड जर एकाच टोकाला टेकलेले असते आणि दुसरे टोक हवेत असते, तर हाच क्रम उलटा करावा लागला असता. कापणाऱ्याने प्रत्येक कापाआधी कोणती बाजू दबलेली आहे हे मोठ्याने सांगायचे, असा आम्ही नियम केला होता.

मुळांचा गड्डा त्याहून धोक्याचा असतो. माणसाच्या उंचीहून मोठी मुळांची चकती मातीसकट उभी राहिलेली असते आणि तिला तशी उभी धरून ठेवणारे वजन म्हणजे ते खोडच असते. खोड कापले की ते वजन जाते आणि गड्डा आपल्या खड्ड्यात परत कोसळतो. कधी खुंटासकट सरळ उभा राहतो. म्हणून खड्ड्याजवळ कोणीही उभे राहायचे नाही, मुलांना अंगणातच थांबवायचे, आणि गड्डा दोराने दुसऱ्या झाडाला बांधून घ्यायचा. आम्ही खुंटाला दोन फूट खोड ठेवले आणि तो उभ्या माडाला जाड दोराने आवळला. शेवटचा काप सुटला तेव्हा गड्डा दोरासकट अर्धा उठला आणि मोठा आवाज करून बसला. खड्ड्याच्या कडेला ठेवलेली पहार त्याखाली गेली ती गेलीच. तिथे माणूस असता तर काय झाले असते, हे लिहिण्याची गरज नाही.

चेन सॉ या कामापुरतीच वापरली. ती चालवणाऱ्याने पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागू द्यायचा नसतो, कारण तेथूनच पाते उसळून तोंडाकडे येते. त्यामुळे पाते खांद्याच्या वर न्यायचे नाही आणि यंत्राच्या मागे सरळ रेषेत डोके आणायचे नाही, एवढे दोन नियम तरी पाळलेच पाहिजेत.

दोन ओंडके सुटे होताच त्यांच्या चारही तोंडांना घरात उरलेला जाड ऑइल पेंट दोन हात लावला. लाकडातले पाणी अंगाच्या बाजूपेक्षा टोकांतून कितीतरी पट वेगाने जाते. टोके आधी आकसतात, आतले लाकूड आकसलेले नसते आणि मग टोकाला तारेच्या आकाराच्या भेगा पडतात. काप आणि रंग यांत एका दिवसाहून अधिक वेळ जाऊ देऊ नये.

करवतीचे सहा दिवस

जुन्या पद्धतीत जमिनीत खड्डा घेऊन त्यावर ओंडका ठेवतात. किनाऱ्याच्या रेताड जमिनीत जूनमध्ये खड्डा घेणे म्हणजे विहीर खणणे. म्हणून माडाच्या पडलेल्या सोटांचे चार खांब आणि दोन आडवे सर, म्हणजे तुळया, करून माणूसभर उंचीचा मांडव उभारला, ओंडका कप्पी आणि पहारींनी त्यावर चढवला, खाली पाचरी मारून पक्का केला आणि वर ताडपत्री बांधली. नुसत्या या तयारीला दोन दिवस लागले.

मग काकांनी दोन्ही तोंडांवर ओळंबा धरून उभ्या रेघा काढल्या आणि गेरूच्या पाण्यात भिजवलेले सूत ताणून ओंडक्याच्या अंगावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघा उमटवल्या. वरचा माणूस करवत रेघेवर ठेवतो आणि वर उचलतो, खालचा माणूस ओढतो. लाकूड कापले जाते ते खाली येताना. धाकटे काका खाली होते. त्यांच्या डोक्याला पंचा गुंडाळलेला आणि त्यावर पिवळा भुसा साचलेला, हे चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. फणसाचा ताजा भुसा हळदीसारखा पिवळा असतो; श्रीलंका आणि म्यानमारकडे बौद्ध भिक्षूंची चीवरे या लाकडाच्या रंगात रंगवण्याची परंपरा आहे, आणि तो भुसा पाहिल्यावर ते सहज पटते. हवा लागली की हेच लाकूड महिन्यांत गडद होऊन पुढे तांबूस तपकिरी होते.

चीक हा फणसाचा मोठा अडथळा. तो पात्याला चिकटतो, त्याला भुसा चिकटतो आणि करवत जड होते. दर थोड्या वेळाने रॉकेलच्या बोळ्याने पाते पुसावे लागत होते. दातांना रोज संध्याकाळी कानस लागत असे. दात एकाआड एक डावीकडे-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, म्हणजे काप पात्याच्या जाडीहून थोडा रुंद पडतो आणि पाते आवळले जात नाही. ओल्या लाकडासाठी हा वाक काकांनी नेहमीपेक्षा थोडा वाढवला होता. चौथ्या दिवशी सालीपासून तीन इंच आत लाकूड अचानक काळपट निळे दिसले आणि काकांनी हात थांबवला. लाकडात लोखंड राहिले की भोवतालचा भाग असा काळवंडतो. पटाशीने उकरल्यावर आत खिळा निघाला. आईने सांगितले की तेथे पूर्वी कपडे वाळत घालायची तार होती. झाडाने तो गिळून त्यावर वाढ केली होती. घराजवळच्या झाडाच्या ओंडक्यात असा खिळा, तार किंवा कोयंडा असणारच असे धरून चालावे.

खालच्या ओंडक्यातून सव्वा इंच जाडीच्या बारा फळ्या निघाल्या. मधला तीन इंचांचा पाट काकांनी वेगळा ठेवला आणि त्यातून गाभ्याचा मध्य काढून टाकून तीन बाय आठ इंचांचे दोन सर केले, कारण झाडाचा मध्य ज्या लाकडात राहतो ते लाकूड हमखास फुटते. फळ्यांच्या कडांचे फिकट लाकूड काढल्यावर सरासरी रुंदी १७ इंच राहिली. एकूण हिशेब सुमारे १९ घनफूट, म्हणजे वखारीच्या पंचवीस घनफुटांपैकी तीन चतुर्थांश. हातकरवतीचा काप साधारण चार मिलिमीटर रुंद पडतो, चेन सॉचा नऊच्या आसपास. चौदा कापांत हा फरक पावणेतीन इंचांचा होतो, म्हणजे सव्वा इंचाच्या दोन फळ्या केवळ भुश्यात गेल्या असत्या. सहा दिवस आणि दोन माणसे, म्हणजे बारा रोज, यांचा खर्च यंत्रापेक्षा जास्त वाटतो. या दोन नऊ फुटी फळ्यांची किंमत त्यात धरली की तसा वाटत नाही. वरच्या सात फुटी ओंडक्याला गाठी अधिक होत्या. त्याचे चार वासे आणि उरलेल्या रीपा केल्या, एवढे सांगणे पुरे.

रचाई

चिरलेली फळी म्हणजे तयार फळी नव्हे, आणि कोकणच्या पावसाळ्यात तर नव्हेच. जुलैत हवेतली आर्द्रता इतकी असते की लाकूड कितीही दिवस सावलीत ठेवले तरी त्यातले पाणी साधारण १८ ते २० टक्क्यांच्या खाली जात नाही. खरे वाळणे दिवाळीनंतर सुरू होते. पावसाळ्यातले काम फळ्या वाळवणे हे नसून त्या सडू न देणे आणि वाकू न देणे हे आहे.

पडवीत जांभ्या चिऱ्यांच्या तीन रांगा एका पातळीत मांडल्या, त्यावर फळ्या आणि प्रत्येक दोन थरांत दीड-दीड फुटावर एक इंच जाडीच्या पट्ट्या, एकावर एक बरोबर ओळंब्यात. पट्टी जरा सरकली की वरचे वजन फळीच्या अधांतरी भागावर पडते आणि तेथे कायमचा बाक येतो. अगदी वर पुन्हा चिरे ठेवले. येथे आमची दुसरी चूक झाली. पट्ट्यांसाठी आम्ही नुकत्याच पडलेल्या पोफळीच्या ओल्या चिरफळ्या वापरल्या, कारण त्या ढिगाने पडल्या होत्या. तीन आठवड्यांनी रचाई उलगडली तेव्हा प्रत्येक पट्टीखाली काळा, बुरशीचा आडवा डाग होता. जुन्या छपरातल्या मोडक्या कोरड्या रीपा अंगणातच पडलेल्या होत्या; त्या कापून पुन्हा रचाई केली. डाग रंध्याने बरेचसे गेले, तरी पाच फळ्यांवर ते आजही ओळखता येतात.

कीड हा तिसरा शत्रू. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची जात गाभ्याला सहसा शिवत नाही, सालीलगतच्या फिकट लाकडातल्या पिठुळ अंशावर जगते. त्यावर बोरिक आम्ल आणि टाकणखार यांचे द्रावण हा जुना आणि माणसाला तुलनेने कमी त्रासाचा उपाय आहे: शंभर लिटर पाण्यात दोन किलो बोरिक आम्ल आणि तीन किलो टाकणखार, आणि लाकूड ओले असतानाच ब्रशने भरपूर लावायचे, म्हणजे ते पाण्याबरोबर आत मुरते. पावसात ते धुऊन जाते, म्हणून छपराखालच्या लाकडालाच त्याचा उपयोग. टाळेबंदीत ही द्रव्ये आम्हाला जुलैच्या मध्यात मिळाली. फणसाच्या फळ्या तोवर शाबूत होत्या, पण आंब्याच्या ठोकळ्यांवर टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि खाली पिठासारखा भुसा दिसू लागला होता. आंबा कापल्यापासून पहिल्या आठवड्यातच हे द्रावण लागायला हवे.

जळण

फांद्या, सालपट्ट्या, कडांचे तुकडे आणि आंब्याचे ते ठोकळे, एवढे सगळे जळणाला राहिले. वीज येईपर्यंत बंबाचे पाणी आणि बराचसा स्वयंपाक लाकडावरच होता, म्हणून लोकांप्रमाणे आम्हीही ओल्या फांद्या चुलीत घालायला लागलो आणि आठ दिवसांत आईचे डोळे सुजले. यातून बाहेर पडण्यासाठी मोडक्या रीपा, जुने वासे आणि माडाच्या वाळक्या झावळ्या-पोया यांचा कोरडा साठा स्वयंपाकासाठी वेगळा काढला आणि ओले लाकूड एकाही दिवशी घरात आणायचे नाही असे ठरवले.

ओल्या लाकडाचा हिशेब आम्ही एका तुकड्यावर करून पाहिला. आंब्याच्या फोडलेल्या एका खांडावर रंगाने खूण केली. जूनच्या शेवटी त्याचे वजन ४.२ किलो होते, जानेवारीत ते २.६ किलो भरले. मधले १.६ किलो म्हणजे पाणी. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सहाशे किलोकॅलरींहून अधिक उष्णता लागते, म्हणजे हे खांड ओलेच जाळले असते तर त्यातल्या लाकडाच्या उष्णतेचा जवळजवळ दहावा हिस्सा नुसते ते पाणी उडवण्यात गेला असता. प्रत्यक्षातली हानी याहून पुष्कळ मोठी असते, कारण पाणी उडेपर्यंत जाळ थंड राहतो, लाकडातून निघालेले वायू न जळताच धूर होऊन जातात, आणि तो धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जातो.

फोडण्याचे काम मात्र ओले असतानाच करावे. आंबा वाळला की त्याचे पिळाचे धागे कुऱ्हाडीला दाद देत नाहीत. ओले ठोकळे लोखंडी पाचर आणि घण यांनी बऱ्यापैकी फुटले. ठोकळ्याच्या मध्यावर घाव घालण्यापेक्षा कडेकडेने ढलप्या काढत आत जाणे सोपे पडते, आणि जेथे फांदी फुटते तो बेचका फोडण्याच्या नादी लागू नये. तो बंबाला अखंड चालतो. माडाचे सोट आम्ही जळणात घेतले नाहीत. त्यांचा बाहेरचा भाग घट्ट आणि आतला भाग भुसभुशीत व पाण्याने भरलेला असतो, आणि त्यांनी करवतीचे दात इतक्या लवकर बोथट होतात की ते काम परवडत नाही. त्यांचे बुंध्याकडचे भाग मांडवाला आणि गोठ्याच्या खांबांना गेले. पोफळी उभ्या चिरून तात्पुरत्या रीपा आणि पन्हळ झाल्या, आणि पहिला पावसाळा घराने त्या रीपांवरच काढला.

खांडे मनगटाएवढी जाड आणि दीड फूट लांब केली, साल वर येईल अशी रचली, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी जागा सोडली आणि वर फक्त माथ्यापुरते झाकले. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळलेला ढीग आतून घामेजतो आणि कुजतो. ढीग चिऱ्यांवर उचलून, घराच्या भिंतीपासून चार फूट दूर ठेवला. भिंतीला टेकलेल्या जळणातून वाळवी घरात शिरते, आणि विंचू, घोणस यांना त्याहून चांगली जागा मिळत नाही. खांड उचलताना आधी काठीने हलवायचे ही सवय आमच्या घरात तेव्हापासून लागली आहे.

पुढे काय झाले

मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर वर सरकले, तेव्हा फळ्यांची रचाई आदल्या दिवशीच उलगडून माळ्यावर चढवली होती. तोपर्यंत एक पावसाळा आणि एक कोरडा हंगाम त्यांनी पाहिला होता. बारांपैकी एक फळी दीड इंच वाकली; ती काकांनी खडूची खूण केलेल्या अंगाची, अगदी बाहेरची होती. दोन फळ्यांना टोकाशी पाच-सहा इंचांच्या भेगा गेल्या, बाकी नऊ सरळ राहिल्या. रुंदीला १७ इंच असलेली फळी १६.४ इंचांवर आली, म्हणून जाडीत आणि रुंदीत आकसण्याचा अंश आधीच वाढवून चिरावा लागतो. २०२२ च्या उन्हाळ्यात सुताराने त्यांतून माजघराच्या दाराच्या दोन झडपा आणि गणपतीचा पाट केला. दोन सर पडवीच्या छपराला बसले. तीन फळ्या अजून माळ्यावर आहेत.

आंब्याच्या ठोकळ्यांतला सर्वांत रुंद ठोकळा आम्ही जळण फोडायला खाली ठेवण्यासाठी राखला होता. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला आळंबी आली आणि तिसऱ्या पावसाळ्यात कुऱ्हाडीच्या घावासरशी तो दोन भागांत सरकला. आता त्याच जागी फणसाच्या बुंध्याचा, खुंटावर उरलेल्या दोन फुटांतून कापलेला ठोकळा आहे, आणि खड्ड्यात परत बसलेल्या त्या गड्ड्याच्या कडेला आठ फुटांवर बाबांनी कापा फणसाच्या आठळीपासून केलेले रोप लावले आहे.